आजीचं नाव फलकावर द्यावं का? (आणि एक उर्दू कागद वाचून हवाय)

ढाळज | शनिवार, रात्री १०:५५

मंडळी, दोन कामं आहेत. एक सल्ल्याचं, एक वाचनाचं.

आमच्या गावच्या शाळेत हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा (निजामाच्या राज्याविरुद्धच्या लढ्याचा) फलक लागायचाय. १९४७-४८ला गावातल्या ज्यांनी ज्यांनी काही केलं त्यांची नावं कोरणार आहेत. नगरपंचायतीचा माणूस फॉर्म देऊन गेला आणि जाता जाता म्हणाला, "तुमच्या आजीचं टाका की. तुमचे मामाआजोबा दर सतरा सप्टेंबरला सांगायचेच."

सांगायचे, खरंय. मामाआजोबा म्हणजे आजीचा थोरला भाऊ. बार्शीच्या कॅम्पावर (निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या तळावर) होते, १९७२ला ताम्रपट मिळाला. झेंडावंदन उरकलं की चिवडा आणि चहाच्या मधे त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "ही माझी बहीण नाही, माझा हेर आहे." लोक टाळ्या वाजवायचे. आजी पदर सावरत घरात निघून जायची आणि आजोबा चपला शोधायला लागायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन, पण हे डोळ्यांनी पाहिलंय.

लग्न १९४४चं. आजी पंधराची, आजोबा बाविसाचे. आमचं गाव तेव्हा निजामाच्या हद्दीतलं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं (आताचं धाराशिव), तालुक्याचं ठाणं. नाव मुद्दाम देत नाही, भावकी चिडते. आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, अक्षर देखणं, म्हणून तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. पगार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात. आजीचं माहेर बार्शीकडचं, तिकडं कलदार (इंग्रजांचा रुपया) चालायचा. सात हाली मोजले की सहा कलदार हातात यायचे. "तुमचा रुपयासुद्धा लंगडा" असं ती आजोबांना म्हणायची म्हणे.

४८च्या उन्हाळ्यात युनियननं (म्हणजे भारत सरकारनं) निजामाच्या राज्याची कोंडी केलेली, पेट्रोलची टंचाई. लॉऱ्यांच्या पेट्रोलच्या चिठ्ठ्या आजोबांच्या टेबलावरून जायच्या. लॉऱ्या रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या), हे सांगायला नको. रात्री जेवताना आजोबा बोलत बसायचे. आज तीन गाड्यांना तेल दिलं, अमीन (ठाण्याचा पोलीस अधिकारी) अमक्यावर खेकसला, उद्या अजून मागणी आहे. आजी वाढत असायची.

सकाळी सालगड्याची भाकरी रानात जायची. नेहमीच्या चार. त्यावर जितक्या जास्त तितक्या लॉऱ्या. कांदा बुक्कीनं फोडलेला असेल तर आज रात्री, आख्खा असेल तर उद्या. गडी ते फडकं ओढ्याच्या कडेला सोडायचा आणि मामाआजोबांचा माणूस तिथं पाणी प्यायला यायचा. एवढंच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

पावसाळा लागल्या लागल्या एकदा सहा भाकऱ्या आणि फोडलेला कांदा गेला. त्या रात्री दोन लॉऱ्या पलीकडच्या एका वाडीवर गेल्या तर वाडी रिकामी. घरं जाळली, कडबा जाळला, माणूस एक सापडला नाही. महिना झाला नसेल, आजोबांची नोकरी गेली.

माझं घोडं इथं अडलंय. त्या दोन लॉऱ्यांच्या चिठ्ठ्या आजोबांनीच लिहिलेल्या. बातमी फुटली तर बोट कुणाकडं जाईल हे एकोणीस वर्षांच्या पोरीला कळत नसेल असं नाही. तरी तिनं सहा बांधल्या. आता फलकावर आजीचं नाव दिलं तर आजोबा कोण ठरतात? बायकोनं फसवलेला निजामाचा कारकून?

दुसरं काम. यंदा जुनं माळवद उतरवलं तेव्हा बळदात रुमालात बांधलेलं बाड निघालं. वरच्या कागदाचा फोटो जोडतोय. मला त्यातला १३५७ एवढा आकडाच लागतो.

---

कारळाची_चटणी | शनिवार, रात्री ११:२०

नाव द्या हो दादा! विचारताय काय. बाईमाणसानं केलेलं कधी कुठं लागतं का फलकावर? माझ्या पणजीनं कॅम्पावरच्या पोरांना महिनोन् महिने धपाटे करून पाठवले, तिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं छापलेलं नाही.

कांद्याचं वाचून अंगावर काटा आला.

---

बार्शीलाईट | रविवार, सकाळी ७:०५

कॅम्पांची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. आमच्या भागात बार्शी, चिंचोली, गौडगाव असे कॅम्प होते. वर मनमाडपासून देऊळगावराजा, लोणार, वाशीम ते थेट उमरखेडपर्यंत सगळ्या सरहद्दीवर असे कॅम्प बसवलेले. करोडगिरीचे (जकातीचे) नाके जाळायचे, तारा तोडायच्या, शिंदीची झाडं पाडायची, ठाण्यावर हल्ला करून परत हद्दीपलीकडं यायचं. उमरीची बँक तर ३० जानेवारी १९४८ला, गांधीजी गेले त्याच दिवशी. लोक बंदुकांच्या गोष्टी सांगतात, पण बातमी नसेल तर बंदुकीचा उपयोग शून्य. लॉरी कुठल्या रस्त्यानं येणार हे कळलं नाही तर चार बंदुका घेऊन रामलिंगच्या डोंगरात मच्छर मारत बसायचं.

आणि हद्द म्हणजे तरी काय. आमची बार्शी लाईट रेल्वे बार्शीतून निघाली की येडशी, ढोकी करत लातूरला जायची, म्हणजे अर्धा रस्ता निजामातच. पाव्हणेरावळे, बाजार, सोयरिकी, सगळं दोन्हीकडं. माहेर युनियनमधे आणि सासर निजामात अशा शेकडो बायका होत्या. तुमच्या आजीची गोष्ट मला अजिबात अशक्य वाटत नाही.

---

खोडरबर | रविवार, सकाळी ९:४८

गोष्ट सुरस आहे. पण क्षमा करा, कागद तुमच्या गोष्टीच्या विरोधात जातो.

उर्दू कागदावर १३५७ म्हणजे हिजरी १३५७. इसवी सन १९३८. तेव्हा तुमच्या आजोबांचं वय सोळा, लग्न नाही, रझाकारांच्या लॉऱ्या नाहीत. कागद कदाचित पणजोबांचा असेल, शेतसाऱ्याचा वगैरे.

दुसरं, भाकऱ्यांचा सांकेतिक हिशेब मी आजवर तीन जिल्ह्यांत तीन आज्यांच्या नावावर ऐकलाय. एकीकडं भाकऱ्या, एकीकडं वाळत घातलेली लुगडी, एकीकडं चुलीचा धूर. सतरा सप्टेंबर जवळ आला की प्रत्येक घरात एक हेर निघतो. मुक्तिसंग्राम खरा, त्यात मेलेली माणसं खरी, म्हणूनच त्यात घरगुती सिनेमा मिसळू नये असं वाटतं.

---

ढाळज | रविवार, सकाळी १०:३०

हिजरीचं डोक्यातच आलं नव्हतं. १९३८ असेल तर मग सगळंच मुसळ केरात.

मामाआजोबा फुगवून सांगायचे हे घरातही बोललं जायचं. त्यांच्या गोष्टीत दरवर्षी एक लॉरी वाढायची.

---

उस्मानाबादी_शेळी | रविवार, सकाळी १०:४१

ढाळजराव, एवढ्यात कामून रडायलाव? थांबा की उलसं. उर्दूवाले झोपेतून उठू द्या.

(अवांतर: खोडरबर यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणं पोटात गोळा आणणारा. तुम्हाला सतरा सप्टेंबरला बुंदी देत नाहीत का हो कुणी?)

---

नस्तालिक | रविवार, दुपारी १:१५

उठले. निवृत्त उर्दू शिक्षिका आहे, रविवारीच वेळ मिळतो असं नाही, पण आज चष्मा सापडत नव्हता.

खोडरबर यांना पहिला नमस्कार, कारण ही चूक भलेभले करतात. निजामाच्या कचेरीत कारभार हिजरी सनावर नाही, फसली सनावर चालायचा. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं सुरू. मग दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे बारा महिने. फोटोत आकड्याच्या शेजारी "फ" आहे, आणि तारीख चक्क लिहिलीय, ११ शहरेवर. म्हणजे जुलै १९४८च्या मध्यावर, दोन-चार दिवस इकडंतिकडं.

आता मजकूर. बरतरफी नाही, मुअत्तलीचा हुकूम आहे. म्हणजे काढून टाकलेलं नाही, निलंबित केलंय. कारण एका शब्दात दिलंय, "इफ्शा-ए-राज". गुपित फोडणं. तहसीलच्या पेट्रोलच्या परवान्याबाबतची माहिती बाहेर गेली, संबंधित अहलकारानं आठ दिवसांत कैफियत (लेखी खुलासा) दाखल करावी, तोवर मुअत्तल. खालची सही लागत नाही, शिक्का पुसलाय.

नाव तुमच्या आजोबांचंच असणार, मी इथं लिहीत नाही.

---

उस्मानाबादी_शेळी | रविवार, दुपारी १:१९

हाणला!

---

कारळाची_चटणी | रविवार, दुपारी १:३०

बाई, तुम्हाला दंडवत.

---

खोडरबर | रविवार, दुपारी २:०२

फसलीबद्दल चूक मान्य, नवी माहिती मिळाली. आभार.

पण कागदानं सिद्ध काय होतं? माहिती फुटली आणि आजोबांवर ठपका आला, एवढंच. ती आजीनं फोडली हे अजून मामाआजोबांच्या तोंडचंच आहे. कचेरीत शिपाई होते, तेल मोजणारा होता, ड्रायव्हर होते. लॉरीचा ड्रायव्हर गुत्त्यावर बोलला तरी वाडी रिकामी होते.

---

पिंपळपार | रविवार, दुपारी ४:१०

हेर आणि प्रेम म्हटलं की सगळ्यांना पहिल्या महायुद्धातली माताहारी आठवते, आणि तिच्या नावावर नको ते खपवलं जातं. तिची खरी गोष्ट बघा. १९१६ साली ती एका तरुण रशियन अफसरावर भाळलेली. त्याला भेटायला फ्रान्समधल्या आघाडीजवळच्या व्हितेलला जायचं तर तिला परवाना हवा. परवान्यासाठी ती फ्रेंच हेरखात्याच्या लादूपुढं गेली आणि त्यानं परवान्याबरोबर हेरगिरी गळ्यात घातली. पुढं फ्रान्सनंच तिला जर्मनांची हेर ठरवून १५ ऑक्टोबर १९१७ला गोळ्या घातल्या. म्हणजे तिच्याबाबतीत कर्तव्य आणि प्रेम अशी ओढाताण नव्हतीच, ती प्रेमापायीच फ्रेंचांच्या हेरगिरीत शिरली.

उलट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणारी नूर इनायत खान. टिपू सुलतानाच्या वंशातली, सूफी घरातली, बिनतारी संदेशांच्या कामावर १९४३ला पॅरिसात गेली. साथीदार पटापट पकडले जात असताना परत चल म्हटलं तरी आली नाही. १३ सप्टेंबर १९४४ला दाखाऊत मारली. (१३ सप्टेंबर. चार वर्षांनी त्याच तारखेला आपल्याकडं सोलापूरच्या बाजूनं फौजा घुसल्या. योगायोगच, पण माझ्या डोक्यात ती तारीख कायम दोनदा वाजते.)

या दोघींनाही रात्री घरी येऊन नवऱ्याला वाढायचं नव्हतं. ढाळज यांच्या आजीला होतं. मला तरी तिचं काम जास्त अवघड वाटतं. परक्याला फसवणं वेगळं. इथं ज्याचं ताट वाढायचं त्याच्याच तोंडून निघालेलं सकाळी फडक्यात बांधायचं.

---

उस्मानाबादी_शेळी | रविवार, दुपारी ४:३३

मी उलट्या बाजूनं बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून. आजीनं नवऱ्याला विचारलं का? नाही. त्याच्या नोकरीवर, गळ्यावर बेतेल असं काम त्याला न विचारता केलं. वाडीतली माणसं वाचली, मान्य. पण आजोबा ठाण्यात उलटे टांगले गेले असते तर? आपल्याला आज फलक दिसतो, त्यांना तेव्हा पट्टा दिसत असणार.

---

कारळाची_चटणी | रविवार, दुपारी ४:५०

आणि नाही बांधल्या असत्या सहा, तर वाडी? शेळीदादा, वाडीतल्या बायकांचं काय झालं असतं ते तुम्हाला नव्यानं सांगायला पाहिजे का? नवऱ्याची नोकरी एका पारड्यात आणि वाडी दुसऱ्या पारड्यात. ती एकोणीस वर्षांची होती. विचारायचं म्हणजे काय विचारायचं? "अहो, तुमचा घात करू का?"

---

तेरणाकाठ | रविवार, रात्री ८:४०

वाचत होतो, लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझे आजोबा मुसलमान, त्याच भागातले, मनियारीचा धंदा. रझाकार नव्हते, पण ते कोण विचारत बसलं. पोलीस ॲक्शननंतर (सप्टेंबर ४८ला भारतीय फौज आल्यावर) काय झालं हे आमच्या घरात दार लावून बोललं जायचं. त्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालात अख्ख्या राज्याचा मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे, आणि सगळ्यात वाईट हाल झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. अहवाल लोकांना बघायला मिळाला २०१३च्या सुमारास. आमच्या दादीला त्याची गरज नव्हती.

हे मी कुणाचा हिशेब चुकता करायला लिहीत नाही. शोएबुल्लाखान नावाचा मुसलमान संपादक रझाकारांच्या विरोधात लिहिलं म्हणून ऑगस्ट ४८ला हैदराबादेत मारला गेला, हेही आमच्याच घरात मला सांगितलं गेलं. मला विचारायचंय ते वेगळं. ढाळजभाई, तुमचे आजोबा पुढं सप्टेंबरात कुठं होते?

---

ढाळज | रविवार, रात्री ९:२५

तेरणाकाठ, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

सप्टेंबरात फौज नळदुर्गला आली, बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आधीच ताब्यात घेतला, पाच दिवसांत सगळं संपलं. नंतरच्या आठवड्यात आमच्या वाड्यात अमीनाची बायको आणि दोन मुली होत्या. अमीन पळालेला. आजोबा ढाळजेत (वाड्याच्या दाराजवळच्या ओसरीत) खाट टाकून रात्रभर बसायचे. काही लोक आले, त्यात भावकीतलेही होते. आजोबा म्हणाले, "आत माझी बाळंतीण आहे." घरात बाळंतीण नव्हती. माझ्या सगळ्यात थोरल्या आत्याचा जन्म ५१चा.

तेव्हापासून गावात त्यांचं नाव पडलं, निजामाचं कुत्रं. मामाआजोबांनीही त्यांच्याशी दहाएक वर्षं अबोला धरला होता. आजोबा १९८६ला गेले, आजी २००३ला. पेन्शनचा फॉर्म आजीनं कधी भरला नाही. मामाआजोबा स्वतः घेऊन आलेले, तिनं तो चुलीत घातला असं ऐकलंय. चुलीत घातला की नुसता ठेवून दिला, देव जाणे.

बाडातले आणखी दोन कागद जोडतोय. एक उर्दू, पेन्सिलीनं खाडाखोड केलेला. दुसरी एक अरुंद पट्टी, मोडीत आहे असं वाटतं. घरखर्च असावा.

---

नस्तालिक | सोमवार, सकाळी ११:०५

उर्दू कागद म्हणजे कैफियतीचा कच्चा मसुदा. तीन वेळा सुरुवात करून तीन वेळा खोडलीय.

पहिल्या खेपेला लिहिलंय की परवान्याची वही कुलपात असते आणि किल्ली पेशकारांकडं (कचेरीतल्या दुसऱ्या कामगाराकडं). खोडलं. म्हणजे दुसऱ्यावर ढकलायची सोय होती. दुसऱ्या खेपेला, तेल मोजणारे आणि गाडीवान यांनाही ठाऊक होतं. खोडलं. (खोडरबरजी, तुमचा मुद्दा तुमच्या आधी त्यांनाच सुचलेला.) तिसऱ्या खेपेला सरळ लिहून टाकलंय, "बंदे की गफलत". चिठ्ठ्यांचा कच्चा कागद आपल्या हातून बाजाराच्या दिवशी पडला, कुणाला सापडला ठाऊक नाही, घरच्यांशी कचेरीचं काही बोलण्याची आपली सवय नाही.

शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. हुकुमात घरच्यांचा उल्लेखच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस कशाला देईल?

---

पिंपळपार | सोमवार, सकाळी ११:३०

म्हणजे त्यांना कळलं होतं.

---

बार्शीलाईट | सोमवार, सकाळी ११:४४

निदान तोपर्यंत कळलं होतं. आधीपासून की मुअत्तलीनंतर, हा प्रश्न उरतो. मुअत्तल माणूस घरी बसला की आठ दिवसांत घरातलं सगळं कळतं.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, संध्याकाळी ६:५०

ऑफिसातून आलो. मोडी पट्टी बघितली. अक्षर घाईचं पण सराईत.

घरखर्च नाही. डावीकडं फसली महिने, खुर्दाद, तीर, अमरदाद, त्यांच्या तारखा. उजवीकडं फक्त आकडे. ४ ४ ४ ५ ४ ४ ७ ४ असे. अमरदादच्या शेवटी एक ६, त्याच्यासमोर छोटं गोल, मधे उभी रेघ. आधी शून्य वाटलं, पण शून्याला रेघ कशाला? दुसऱ्या काही आकड्यांसमोर तेच गोल रेघेशिवाय आहे. चारच्या समोर गोल कुठंच नाही. त्या सहानंतर पट्टी कोरी.

फसलीचे महिने नस्तालिकताईंच्या हिशेबानं मोजले तर खुर्दाद म्हणजे एप्रिल आणि अमरदाद म्हणजे जूनच्या आसपास. म्हणजे नोंदी मुअत्तलीच्या आधीच्या, निदान तारखा तरी.

---

उस्मानाबादी_शेळी | सोमवार, संध्याकाळी ६:५८

गोल म्हणजे आख्खा कांदा. रेघ मारलेलं गोल म्हणजे फोडलेला.

आई शप्पथ.

---

खोडरबर | सोमवार, संध्याकाळी ७:२०

मंडळी, दम घ्या. सालगड्याचा करार वर्षाचा असतो, त्यात ज्वारी, कपडे, भाकरी सगळं ठरलेलं. मालक गड्याला काय दिलं ते टिपून ठेवतो. कारकून माणूस, त्याला आकडे टिपायची खोड. पेरणीच्या दिवसांत गडी जास्त खातो, म्हणून पाच, सहा, सात. कांदा दिला की गोल. साधं स्पष्टीकरण असताना अवघड कशाला शोधायचं?

आणि समजा, कांदा मान्य केला. तरी त्यांनी कुतूहलानं मोजल्या असतील, बायकोवर संशय आला म्हणून मोजल्या असतील. कळून-सवरून तिला बातमी पुरवत होते असं यातून निघत नाही.

---

कारळाची_चटणी | सोमवार, संध्याकाळी ७:४१

संशय आला असता तर जेवताना बोलणं बंद केलं असतं ना. सात नंतरही सहा आहेत.

---

पिंपळपार | सोमवार, रात्री ८:१५

मला आता आजीपेक्षा आजोबा दिसायला लागलेत. निजामाचं मीठ खाल्लेला माणूस. ज्या कचेरीनं भाकरी दिली तिच्याशी बेइमानी करायची नाही हे ज्याच्या हाडात, तो स्वतः कॅम्पावर कधी गेला नसता. पण बायकोपुढं जेवताना बोलायला कुणाची बंदी? तोंडानं फक्त गप्पा मारल्या. कधी म्हटलं नाही की बातमी दे. तिनं कधी म्हटलं नाही की देते. एकमेकांना पकडता येईल असं कुणीच काही बोललं नाही.

अर्थात हा माझा कल्पनाविलास. खोडरबर यांचं सालगड्याचं उत्तरही बसतं.

---

तेरणाकाठ | सोमवार, रात्री ८:३०

अमीनाच्या मुलींना घरात ठेवणारा माणूस त्याच अमीनाच्या लॉऱ्यांची बातमी देत होता, हे मला तरी विसंगत वाटत नाही. आमच्या दादीलाही असंच कुणी तरी दाराआड ठेवलं होतं, नाव तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. त्याला त्रास होईल म्हणून.

---

ढाळज | मंगळवार, रात्री ११:१०

काल उत्तर दिलं नाही कारण आत्याकडं गेलो होतो. थोरली आत्या, पंचाहत्तरीच्या घरात, कान गेलेत पण डोकं तल्लख. सरळ भाकऱ्यांवर आलो नाही. म्हटलं, आजोबा जेवताना आजीशी काय बोलायचे?

"काय न्हाई. आमाला कळतंय तसं तुजा आजा जेवताना बोललाच न्हाई. वाढ म्हनायचा अन् बास म्हनायचा. आई म्हनायची, आदी लई बोलका व्हता, नोकरी गेली अन् जीभ गेली."

मग पट्टीचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. म्हटलं, हे गड्याच्या भाकऱ्यांचे आकडे असतील का? आत्या आधी हसायलाच लागली. मला कळेना. म्हणाली, "आरं, हे खरंच लिवून ठिवलं व्हतं व्हय त्येनं!"

आमच्या घरात म्हणे ही जुनी चेष्टा होती, माझ्या पिढीपर्यंत आली नाही. आजोबा सकाळी ढाळजेत दातवण करत बसायचे आणि गडी फडकं घेऊन निघाला की त्याला थांबवून फडकं सोडून बघायचे. भाकऱ्या मोजायचे, परत बांधायचे, जाऊ द्यायचे. आजीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गड्याच्या तोंडचा घास मोजणारा मालक! त्यावरून भांडणं. ती माहेरी भावाला सांगायची, तुमचा पाव्हणा लई चिक्कू आहे. मामाआजोबांनी आजोबांना ठेवलेलं नाव "भाकरमोज्या" हे त्यातलंच. आत्याला वाटत होतं मला ठाऊक आहे.

मी विचारलं, मग नंतर? नोकरी गेल्यावर?

"त्येच तर आई म्हनायची. नोकरी गेली, घरात दाना न्हाई, गड्याला निम्मी भाकर द्यायची पाळी आली. अन् तवापास्नं ह्यो मानूस फडक्याकडं बगंना. चिक्कू मानसानं तवा मोजाव्या का न्हाई, तूच सांग? आई मरस्तवर म्हनायची, ह्येचं मला कोडं सुटलं न्हाई बग."

फॉर्म अजून भरला नाही. परवा शेवटची तारीख आहे. "नाव" या रकान्यापुढं एकच ओळ आहे आणि ती फार लांब नाही.

---

नस्तालिक | मंगळवार, रात्री ११:२६

आजीला शेवटपर्यंत कोडं सुटलं नाही?

---

ढाळज | मंगळवार, रात्री ११:३१

आत्या तसं म्हणते. आजी मात्र आजोबांच्या ताटात कांदा नेहमी आख्खा ठेवायची. फोडून कधी द्यायची नाही. ते स्वतः फोडून घ्यायचे. हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

---

खोडरबर | मंगळवार, रात्री ११:४९

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)